कापडाचा चेंडू

पद्मावतीची नि माझी ओळख झाली ती तिच्या जेवणाच्या वेळेमुळे. ट्रेनिंग शाळेच्या बोर्डिंगात रात्रीच्या जेवणाची घंटा दिवे लागल्यावर व्हायची, आणि पद्मावती दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसे. आम्हीही जैनच, आमच्या घरचं जेवणही उजेडातच उरकायचं. तेव्हा तिचा भाऊ धरणेंद्र बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, आमच्या ह्यांची गाठ घेऊन त्यांच्याबरोबरच घरी आला. ओसरीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ पाऊसपाण्याच्या गोष्टी करत राहिला. मूळ मुद्द्यावर यायला त्याला चहा संपावा लागला. बहीण मास्तरीण व्हायला शिकतेय, सांजचं जेवण तिला उजेडी मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं. मी हो म्हटलं. एका भाकरीनं माझ्या चुलीवर काय ओझं पडणार होतं? त्यानंतर निपाणीकडून येणाऱ्या मोटारीतून जोंधळा आणि भुईमुगाच्या शेंगा आमच्याकडे येत राहिल्या, त्या मी नको म्हटल्या तरी थांबल्या नाहीत.

साल छत्तीस असावं. आमचं घर शहापूरच्या अगदी कडेला. पुढच्या दारी विणकरांची गल्ली, दिवसभर मागांची खटखट. मागच्या दारी मेंदीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे शाळेचं मैदान. कुंपणाला एक फट होती, गड्यानं कधी काळी पाडलेली. पद्मावती त्या फटीतून यायची, पण येताना अशी अंग चोरून यायची की जणू ते कुंपण आम्ही तिच्यासाठीच उघडं ठेवलंय याचाही तिला संकोच वाटे.

वेदगंगेच्या काठच्या एका गावातलं तिचं सासर. तंबाखूची शेती, मोठं घर, माणसं मात्र कमी. नवरा पारिसा विषमज्वरानं गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. घरात उरल्या सासू चंपाबाई आणि ही. चंपाबाईंना तो एकुलता एक. त्यानंतरच्या चातुर्मासात गावात एक महाराज उतरले होते. त्यांच्यासमोर सासूसुनांनी शेजारी बसून नेम घेतले. रात्री काही खायचं-प्यायचं नाही, मोटेचं पाणी प्यायचं नाही, चामड्याला हात लावायचा नाही. मोट चामड्याची, म्हणून तिचं पाणीही वर्ज्य. चंपाबाई तेव्हापासून घरच्या आडाचं, रहाटानं शेंदलेलं पाणीच प्यायच्या. पद्मावती पायांत काही घालत नसे. मी एकदा कापडी वहाणा देऊ केल्या, तर म्हणाली, "तळव्यांना सवय झालीया वैनी, आता मोडायला नको."

शिकायला पाठवायची कल्पना धरणेंद्राची. बहिणीचं उभं आयुष्य तंबाखूच्या पानांत जाऊ नये असं त्याला वाटे. ती मराठी सातवी झालेली होती, अक्षर तर छापल्यासारखं. तो तीनदा-चारदा चंपाबाईंकडे गेला तेव्हा त्यांनी एकदाची मान हलवली, आणि हलवताना अट घातली. दोन वर्षं. पास झाली तर तिची ती, नोकरी लागेल तिथं खुशाल राहू दे. नाही झाली तर घरी, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही. धरणेंद्रानं शब्द दिला.

पद्मावतीनं ही अट मला जेवता जेवता सांगितली, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी. मी विचारलं, "तुला काय हवंय?"

तिनं भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "माझी खोली असावी. दार आतनं लावता येईल अशी."

पहिलं वर्ष तिनं सहज काढलं. शिवणात पहिली, हिशेबात पहिली. नमुन्याचा पाठ द्यायला उभी राहिली की एरवी ऐकू न येणारा तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा म्हणे. मला शंका नव्हती. तिलाही नसावी, कारण त्या उन्हाळ्यात गावाकडून परत आली तेव्हा तिच्या गालांवर थोडं मांस चढलं होतं.

दुसऱ्या वर्षी नियम बदलला. मुलींच्या शाळांत आता कवायत आणि खेळ शिकवायचे, तेव्हा मास्तरणींनाही ते आले पाहिजेत, असं वरून ठरलं. कवायतीत नापास झाली तर बाकी कशातही पहिली आली तरी सर्टिफिकेट नाही. आणि खेळ कुठला, तर बास्केटबॉल.

तो शिकवायला शालूबाई नेमल्या गेल्या. त्या खानापूरकडच्या, पुण्याला राहून तयार झालेल्या. नऊवारी नेसून पायांत कॅनव्हासचे बूट घालणारी बाई आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली. गळ्यात शिट्टी, आणि बोलणं असं की हसावं की घाबरावं ते कळू नये. मैदानाच्या आमच्या बाजूच्या टोकाला त्यांनी एक खांब पुरून घेतला, त्याला लाकडी फळी, फळीला लोखंडी कडं, कड्याला जाळी. पहिल्याच आठवड्यात आमच्या मोलकरणीनं मला विचारलं, की एवढ्या उंचावर शिंकं बांधलंय ते कुणाच्या मांजराला भिऊन?

परीक्षेत इतकंच करायचं होतं. जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली, तिच्यामागं उभं राहून कड्यात चेंडू टाकायचा, दहापैकी निम्मे गेले पाहिजेत. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात भाजी निवडत बसायची, त्यामुळे शालूबाईंचा पाठ मलाही तोंडपाठ झाला. पायांत थोडं अंतर. चेंडू तळहातात दाबायचा नाही, बोटांवर पेलायचा. कोपरं अंगाला. छातीशी चेंडू, गुडघे वाकवायचे, आणि जोर तिथून आणायचा, दंडातून नव्हे. नजर कड्याच्या पुढच्या काठावर. चेंडू वर जाऊ दे, कमान होऊ दे, मग तो वरून खाली उतरेल. आणि सुटल्यावर हात तसेच वर ठेवायचे, तो पडेपर्यंत.

हे शेवटचंच पद्मावतीला जमेना. बाकीच्या पोरी हसत, चुकत, एकमेकींना ढकलत शिकल्या. हिचा प्रत्येक चेंडू उजवीकडे जाई. शालूबाईंनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, शेवटी बाजूला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना दिसलं. दोन्ही हात वर गेले की डोक्यावरचा पदर घसरायचा, आणि तो घसरायच्या आतच डावा हात चेंडू सोडून पदराकडे जायचा. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं. आठ वर्षांची सवय होती ती.

शालूबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की पदर पडला तर पडू दे, इथं सगळ्या बायकाच आहेत. तिनं मान डोलावली आणि पुढचा चेंडूही उजवीकडेच गेला.

उपाय तिनंच काढला. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका धुरळा नाकात जाऊ नये म्हणून पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली आवळून बांधतात. दुसऱ्या दिवशी ती तशी बांधून आली. शालूबाईंनी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"पद्मावतीबाई, मैदानात आलो का वखारीत आलो आपण? विड्या वळायच्या हायेत काय?"

पोरी हसल्या. पद्मावतीही हसली, पण त्या दिवशी तिचे हात वर राहिले. चेंडू सरळ गेला. कड्याला लागून बाहेर आला, पण सरळ गेला.

हे सगळं चाललं होतं ते नुसत्या हातांनी, किंवा पोरींच्या एका जुन्या रबरी चेंडूनं. खरा चेंडू पुण्याहून यायचा होता. तो आला तेव्हा मी दारातच होते. शालूबाईंनी गोणपाट उसवलं, पोरींनी घोळका केला. पद्मावती पुढं झाली आणि एकदम थांबली. चेंडू चामड्याचा होता. तपकिरी, चकचकीत, शिवणीवर वादी ओवलेला. तिनं दोन्ही हात मागं घेतले.

त्या संध्याकाळी ती जेवण झाल्यावर हात धुवून तिथंच बसून राहिली. मी म्हटलं, शालूबाईंना सांगून बघ. तिनं सांगितलंही होतं. शालूबाईंनी ऐकून घेतलं होतं, रागावल्या नव्हत्या. सरावाला तू काय हवं ते वापर, म्हणाल्या, पण परीक्षा ह्याच चेंडूनं व्हायची, ते माझ्या हातात नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून कापडाचा चेंडू केला. माझं एक जुनं शहापुरी लुगडं होतं, दशा गेलेलं पण पोत अजून घट्ट. त्याच्या पाकळ्या कापल्या. आत सावरीचा कापूस, आणि मधे चिंध्यांचा घट्ट गोळा, वजन येण्यासाठी. तिनं तो इतका गोल शिवला की हातात फिरवला तरी टाका लागत नसे. तराजूत घालून शाळेतल्या चेंडूच्या वजनाशी जुळवला. शाळेतला चेंडू वजनाला शालूबाईंनी स्वतः आणून धरला. मला वाटलं, झालं. प्रश्न सुटला.

रोज दुपारचे तास संपले की पोरी बोर्डिंगात जायच्या आणि ती मैदानावर राहायची. ऊन उतरणीला लागलेलं, खांबाची सावली लांब होत आमच्या कुंपणापर्यंत आलेली. चेंडू टाकायचा, जाऊन उचलायचा, रेघेवर यायचं, पुन्हा टाकायचा. मी ताट वाढून दारात उभी राहायची. सूर्य मैदानापलीकडच्या नारळींना टेकला की हाक मारायची. कधी कधी ती म्हणायची, "एक डाव वैनी," आणि तेवढ्यात दिवस जायचा. मग ती तशीच बोर्डिंगात परतायची, उपाशी. मी ताट झाकून ठेवी आणि सकाळी मोलकरणीला देई. मनात येई, हिला रागवावं. पण जी बाई दार आतून लावता येईल अशा एका खोलीसाठी उपाशी राहते, तिला काय बोलणार?

आणि चेंडू जाळीत जाऊ लागले. आधी एखादा, मग बरेच, मग तर चुकला तर नवल. कसे, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं होतं. कड्याच्या काठावर नेम धरण्याऐवजी ती सरळ मागच्या फळीवर चेंडू मारायची. कापडाचा चेंडू फळीवर आपटला की तिथंच मरायचा आणि सरळ खाली, जाळीत पडायचा. कमान नको, अलगदपणा नको.

शालूबाईंनी एकदा कुंपणाशी उभं राहून हे पाहिलं. त्या आत गेल्या, चामड्याचा चेंडू घेऊन आल्या आणि तसाच फळीवर मारला. तो डोक्यावरून उलटा मागं, पार रेघेच्या पलीकडे गेला.

"कापडाला उसळी न्हाय गं पद्मा. ह्याला हाय. तू शिकतीयास ते खोटं शिकतीयास."

पद्मावती म्हणाली, कळलं. आणि काही दिवस तिनं काठावर नेम धरून पाहिलं. पण तिथं चेंडू चुकायचे, फळीवर मारले की जायचे, आणि परीक्षा जवळ येत चालली होती. हात जिकडे यश मिळतं तिकडे वळतात. हळूहळू ती पुन्हा फळीवर आली.

मग शालूबाई माझ्याकडे आल्या. ती तुमचं ऐकते, म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या आहात, तिला समजावा. परीक्षेला चामड्याला हात लावणारच आहे ना? मग आठवडाभर आधी लावू दे. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी विषय काढला.

"वैनी, परीक्षेला एकदा हात लावीन. त्याचं प्रायश्चित्त उपाध्यांना इचारलंय, उपास हायेत, ते करीन. एकदा मोडला तर नेम मोडला म्हणत्यात. रोज मोडला तर नेमच न्हवता म्हणत्यात."

मी म्हटलं, मोडायचाच असेल तर कमीजास्तानं काय फरक?

"मला फरक हाय," ती म्हणाली. "अत्तीला तोंड दाखवायचंय."

सासूला ती अत्ती म्हणायची. इंग्रजी पुस्तकं वाचून मला पुष्कळ वाद घालता येत होते, पण त्या दोघींनी महाराजांसमोर शेजारी बसून घेतलेल्या नेमाबद्दल माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी इन्स्पेक्टरबाई सकाळी आल्या, बाकीचे विषय दुपारपर्यंत झाले आणि मग सगळ्या मैदानावर आल्या. मला काम सुचत नव्हतं. मी कुंपणाशीच उभी राहिले. पोरी एकेक करून आल्या, कुणी पास झाल्या, कुणी कशाबशा. पद्मावतीचं नाव घेतलं तेव्हा ती पदर हनुवटीखाली बांधून रेघेवर आली. शालूबाईंनी चेंडू तिच्या हातात दिला नाही. तिच्या पायाशी जमिनीवर ठेवला. उचलायचा की नाही ते तिचं तिनं ठरवावं म्हणून असेल.

तिनं वाकून उचलला. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त बोटं फाकली आणि पुन्हा मिटली, जणू चेंडू गरम होता.

पहिला तिनं फळीवर मारला. तो तिच्या डोक्यावरून मागं गेला. दुसराही. तिसऱ्याला तिनं जोर कमी केला तर तो कड्यापर्यंत पोचलाच नाही. शालूबाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या. बोलायची परवानगी नव्हती. पद्मावती चेंडूकडे पाही, कड्याकडे पाही. चेंडू आता तिच्या हातात बसू लागला होता, हे मला एवढ्या लांबूनही दिसत होतं. पुढचा एक कड्यावर नाचून बाहेर पडला. त्याच्या पुढचेही दोन. मग ती थांबली, गुडघे वाकवले, नजर फळीवरून खाली काठावर आणली, आणि चेंडू वर गेला, कमान घेऊन, जाळीला जेमतेम हलवत आत पडला. तिचे हात वरच राहिले. त्यानंतरचा एक चुकला आणि शेवटचे दोन गेले, तसेच, आवाज न करता.

तिला आता येत होतं. त्या रेघेवरच, त्या दहा चेंडूंतच ती शिकली होती. पण दहा संपले होते.

तिनं इन्स्पेक्टरबाईंना विचारलं, अजून टाकू का? त्या भल्या बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, तसं करता येत नाही.

पद्मावती कुंपणाच्या फटीतून आली ती सरळ आमच्या मागच्या आडावर. नेसत्या लुगड्यानिशी तिनं डोक्यावरून घागरी ओतून घेतल्या. मी कोरडं लुगडं दिलं. सूर्य अजून वर होता, ताट तयार होतं. ती म्हणाली, आजपास्नं उपास.

शालूबाई दुसऱ्या दिवशी धावतपळत आल्या. नापास झालेल्यांची सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे, फक्त त्याच विषयाची. बोर्डिंगात राहायलाही हवं असं नाही, परीक्षेपुरतं यायचं. धरणेंद्रही तिला न्यायला आलेला होता. त्यानं हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. सहा महिन्यांसाठी अत्ती नाही म्हणणार नाहीत, तो म्हणाला. दोन वर्षांची अट मी तेवढी ताणून घेईन, तेवढं माझ्यावर सोपवा.

"मी चामड्याला हात लावलाय," पद्मावती म्हणाली.

"ते तिकडं कोण बघायला आलतं? सांगायचं कशाला?"

"नेम दोघींनी घेतलता अण्णा. मोडला तर दोघींचा मोडला. न सांगता त्यांच्या ताटाशेजारी कशी बसू?"

धरणेंद्रानं माझ्याकडे पाहिलं, मी समजावीन म्हणून. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की आधी परीक्षा होऊ दे, मग हवं तर सांग. ती ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की ती आधीच सासरच्या आडाजवळच्या पडवीत, सासूसमोर बसलेली आहे. दुपारच्या मोटारीनं ती दोघं गेली.

पुढचं मला धरणेंद्राकडून कळलं, त्याच पावसाळ्यात. चंपाबाई ओरडल्या नाहीत. सुनेला एक शब्द बोलल्या नाहीत. सगळं ऐकून म्हणाल्या, मी पाठवली म्हणून हे झालं, दोष माझा. आणि सुनेचे उपास संपल्यावर त्यांनी स्वतःचे धरले. म्हातारं शरीर, त्यात चातुर्मास. एकांतरा, दिवसाआड उपास, करता करता त्या अंथरुणाला लागल्या. कुणाच्या हातचं पाणी घेईनात, फक्त पद्मावतीच्या. ती रहाटानं शेंदून आणायची, गाळायची, वाटीनं पाजायची. धरणेंद्र मला म्हणाला, "वैनी, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी हिला उचलून आणली असती. त्यांनी तर हिचं पाप आपल्या अंगावर घेतलं. आता काय बोलू?"

सहा महिने झाले. परीक्षा झाली. शालूबाईंनी तिचं नाव यादीत घातलेलं होतं; ते वाचलं गेलं आणि कुणी पुढं आलं नाही.

चंपाबाई त्या दुखण्यातून उठल्या, पण पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. घर, शेती, गडी, वखारीला जाणारा माल, सगळं पद्मावतीवर आलं. मी दोनदा पत्र पाठवलं. तिचं उत्तर यायचं, त्याच छापील अक्षरात, माझ्या मुलांची चौकशी, शेंगा पोचल्या का, एवढंच. स्वतःबद्दल ती कधी लिहीत नसे, आणि मीही विचारायचं हळूहळू सोडून दिलं.

चंपाबाई शेहेचाळीसच्या थंडीत गेल्या. वर्ष भरायच्या आत मी निपाणीकडे तिच्या गावी गेले. निव्वळ भेटायला नाही. शालूबाई आता शाळेच्या मोठ्या बाई झाल्या होत्या आणि त्यांनीच मला पाठवलं होतं. तिला आणा, म्हणाल्या. एक विषय राहिलाय, बाकीचं सगळं दप्तरात आहे. परवानगी मी काढते. मोठ्या मुलींच्या बोर्डिंगाला देखरेखीसाठी एक बाईही हवीय, राहायला खोली आहे.

पद्मावती पडवीत तंबाखूच्या पानांच्या जुड्या बांधायला लावत होती. बायकांना कामं सांगत होती, चढ्या आवाजात, थोडी खेकसूनच. मला पाहिलं आणि आवाज एकदम खाली आला. केस पुढून पांढरे झाले होते. वय तिचं तेहतीस-चौतीस. माझे हात धरून तिनं मला आत नेलं. सगळं घर आता तिचंच होतं. दारं उघडी, खोल्या ओळीनं रिकाम्या. तिनं मला गरम भाकरी वाढली आणि समोर बसली.

मी शालूबाईंचा निरोप सांगितला. सगळा, नीट, खोलीसकट. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मला वाटलं, रडतेय. पण तिनं मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते.

"अत्ती गेल्यावर पयल्यांदा तेच केलं वैनी. पेटी उघडून पुस्तकं काढली. दारात उजेडात बसले. चार ओळी वाचल्या की मागच्या आठवंनात. हिशेब येत्यात, ते रोजचे हायेत. पर पोरींना उभं राहून काय सांगायचं, कसं सांगायचं, ते सगळं गेलंय. शोधलं. मिळालं न्हाय."

मी म्हटलं, परत येईल, थोडे दिवस लागतील.

"तसं वाटलं असतं तर तुमी यायच्या आधी मीच आले असते." मग म्हणाली, "तवा कुणीतरी अडवत हुतं. ते गेल्यावर जाईन असं म्हणून धा वरसं काढली. आता कुणी अडवत न्हाय, तर पाय न्हाईत."

बाहेरून एक बाई जुड्या कुठं ठेवू म्हणून विचारत होती. पद्मावती उठली, तिला काहीतरी खेकसून सांगितलं, आणि परत येऊन माझ्या ताटात ताक घातलं. मी आणखी बरंच बोलले. मला जेवढं सुचत होतं तेवढं सगळं. ती प्रत्येक वेळी "व्हय, वैनी" म्हणाली. मोटारीपर्यंत पोचवायला आली, माझ्या मुलांसाठी गूळ बांधून दिला, आणि मोटार हलायच्या आधीच वळून घराकडे चालू लागली, कारण पानं पसरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई कुंपणाशी आल्या. त्यांना विचारायची गरज पडली नाही. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यांना समजलं. तरीही त्यांनी विचारलं, खोली दाखवली का म्हणून, दार चांगलं आहे, कडी नवी बसवलीय हे सांगितलं का. मी म्हटलं, सगळं सांगितलं. मैदानात मुली ओळीनं जमत होत्या. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही, आणि तशीच धरून मुलींकडे चालत गेल्या.